खुरप्याने घेतलेली परीक्षा



शेतातल्या तणांकडे पाहण्याच्या दोन रीती सध्या आपल्याकडे शेजारी शेजारी नांदत आहेत. 'तण खाई धन' ही पहिली. म्हण जुनी आहे आणि खोटी नाही. पेरणीनंतरचे पहिले काही आठवडे पीक तणात राहिले, तर पुढे कितीही खत घातले तरी उतारा भरून निघत नाही. दुसरी रीत अलीकडची. पावसाळा लागला की तालुक्याच्या गावी रानभाज्यांचे महोत्सव भरतात. टेबलावर टाकळा, कुरडू, घोळ, पाथरी मांडलेली असते, प्रत्येक जुडीपुढे एक चिठ्ठी असते, आणि चिठ्ठीवर मधुमेहापासून मूळव्याधीपर्यंत रोगांची नावे असतात. एकीकडे तण वैरी, दुसरीकडे संजीवनी. मला जे मांडायचे आहे ते या दोन्हींपेक्षा बरेच कोरडे आहे. तणांविषयीच्या लोकज्ञानाचा कस त्याच्या वयावरून ठरत नाही, आणि ते कोणत्या ग्रंथात आले यावरूनही ठरत नाही. ज्या गोष्टीचा परिणाम काम करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, लवकर आणि पुन्हा पुन्हा दिसतो, आणि चूक झाली तर तिची किंमत त्यालाच, किंबहुना तिलाच, मोजावी लागते, तिथे हे ज्ञान फार पक्के असते. ही साखळी जिथे तुटते तिथे तेच ज्ञान डळमळते. हा निकष मान्य केला तर काय जपायचे, काय तपासायचे आणि काय सोडून द्यायचे याची चर्चा भाबडेपणा टाळून करता येते.

हे ज्ञान घडते निंदणीच्या कामात. कोळपे किंवा डवरा दोन ओळींमधले तण काढतो. ओळीतले, ताटांच्या बुडाशी चिकटलेले तण हातानेच काढावे लागते. सातारा-कोल्हापूरकडे या कामाला भांगलण म्हणतात, पुणे-नगरकडे खुरपणी, खानदेश-विदर्भात निंदण, कोकणात बेणणी. नाव काहीही असो, काम बायकांचे आणि मजुरी पुरुषापेक्षा कमी. पात धरून बसलेली बाई तासाभरात शेकडो रोपांचा निवाडा करते. ज्वारीचे रोप कोणते आणि त्याच्या पोटाशी लपलेले गवत कोणते, मुळासकट उपटायचे काय आणि उपटून उपयोग नाही असे काय, ओटीत काय घ्यायचे, शेळीसाठी बांधावर काय ठेवायचे आणि जागीच वाळायला काय टाकायचे. हराळी वरवर खुरपली तर तुटलेल्या प्रत्येक कांडीतून नव्याने फुटते. काळ्या खोल जमिनीतला कुंदा खुरप्याला दादच देत नाही. त्याच्या मुळ्या उन्हाळ्यात कुदळीने खणूनच काढाव्या लागतात. लव्हाळ्याचे पाते हातात येते, पण खाली गाठींची माळ असते. वरची गाठ तुटली की खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. लव्हाळ्याला जगातले सर्वांत वाईट तण ठरवणारे लीरॉय होम यांचे पुस्तक १९७७ साली आले. आपल्याकडे त्याच गाठी नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्यात पडतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि निंदणाऱ्या बाईला त्यात काही विसंगत वाटत नाही.

केन्याचे उदाहरण जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे. रुंद पानांचा, निळ्या फुलांचा, जमिनीसरपट पसरणारा केना पावसाळ्यात जवळजवळ प्रत्येक शेतात दिसतो. त्याच्या पानांची भजी होतात, गुरे तो आवडीने खातात. पण त्याच्या कापलेल्या कांडीला ओल मिळाली की पेऱ्यातून मुळ्या सुटतात. झडीच्या दिवसांत खुरपलेला केना तिथेच टाकला तर एकाचे चार होतात. म्हणून तो गोळा करून खडकावर वाळत टाकायचा किंवा सरळ वैरणीच्या भाऱ्यात बांधायचा, असा शिरस्ता आहे. या झाडाची आणखी एक खोड अशी, की वरच्या निळ्या फुलांखेरीज जमिनीखालीही त्याला न उमलणारी फुले येतात आणि तिथेच बी धरते. आता अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात काय झाले ते पाहा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे ग्लायफोसेट सहन करणारा कापूस आला, आणि शेतकरी एकाच तणनाशकावर विसंबू लागले. बाकीची तणे मागे हटली. केना मात्र ग्लायफोसेटला सहजी बधत नाही; मोकळ्या झालेल्या जागेत तो पसरला, आणि काही वर्षांतच कापसातले सर्वांत त्रासदायक तण म्हणून तिथे त्याचे नाव झाले. त्या शेतात केना खाणारे कोणी नव्हते, भाऱ्यात बांधणारेही नव्हते. आपल्याकडे ज्याला वैरण म्हणून किंमत होती, त्याचा तिथे केवळ खर्च झाला. आपल्या बायकांना केन्याची भूमिगत फुले माहीत होती असा माझा दावा नाही. टाकलेला केना पंधरा दिवसांनी पुन्हा उभा राहतो आणि पुन्हा आपल्यालाच वाकावे लागते, एवढे त्यांना माहीत होते. या कामापुरते तेवढे ज्ञान पुरेसे होते.

खाण्याच्या बाबतीत हीच शिस्त आणखी बारीक होते. महोत्सवातल्या चिठ्ठीवर 'टाकळा: खाण्यायोग्य' असे लिहिलेले असते. लोकांचा टाकळा मात्र पहिल्या पावसानंतर दोन-चार पानांवर असतानाच खाण्यायोग्य असतो. विदर्भात त्यालाच तरोटा म्हणतात, आणि तिथेही नियम तोच. झाड गुडघ्यापर्यंत आले, फुलू लागले की भाजी संपली. कुरडूला तुरा आला की तिच्याकडे कोणी पाहत नाही. घोळ आंबूस असते, कारण तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असते. आपल्याकडे ती डाळ घालून किंवा ताकात करण्याची पद्धत आहे. ताकातले कॅल्शियम ऑक्झॅलेटला बांधून ठेवते आणि मग ते अंगात कमी शोषले जाते, हे स्पष्टीकरण रसायनशास्त्राचे. स्वयंपाकघराने ते शोधले नाही. तिथे जिभेला लागलेली चव पुरेशी होती. घोळीत ओमेगा-३ वर्गातले मेदाम्ल असते, ही गोष्ट १९८६ साली आर्टेमिस सिमोपूलोस यांनी वैद्यकीय जगासमोर आणली आणि तेव्हापासून पाश्चात्त्य बाजारात घोळीला भाव आला. ही माहिती खरी आणि उपयोगी आहे. पण 'घोळीत ओमेगा-३ आहे' एवढेच वाचून जो माणूस मूतखड्याचा त्रास असताना रोज कच्ची घोळ खाईल, त्याच्यापेक्षा घोळीचे नाव फक्त ताकाबरोबर घेणारी बाई अधिक जाणती म्हटली पाहिजे.

नावांची यादी टिकली आणि तारतम्य गळले तर काय होते, याचे फार दुःखद उदाहरण पश्चिम उत्तर प्रदेशातले आहे. बिजनौर आणि आसपासच्या जिल्ह्यांत पावसाळा सरता सरता लहान मुले उलट्या होऊन, शुद्ध हरपून काही दिवसांत दगावत. बरीच वर्षे तो मेंदूज्वर समजला जात होता. २००७च्या सुमारास डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ही मुले कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खात होती आणि ती विषबाधा होती. कासविंदा हा टाकळ्याचा सख्खा भाऊबंद. दोन्ही एकाच पडीक जागेत, एकाच मोसमात वाढतात, दोघांची फुले पिवळी. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि पर्णिका टोकाशी गोलसर. कासविंद्याच्या जोड्या बहुधा जास्त आणि पर्णिका टोकदार. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, वाकलेली, कासविंद्याची चपटी. हा फरक सांगायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही, पण कोणीतरी सांगणारे लागते. आता या पोरांना खेळता खेळता ते कोणी सांगितले नव्हते, असे म्हणणे सोपे आहे. मूळ कारण भूक आणि दारिद्र्य होते, हे विसरता कामा नये.

सणावारांनी हे ज्ञान सांभाळले असे नेहमी म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा दंडक आहे; त्या दिवशीच्या भाजीत माठ, अळू, सुरण, परसातले आणि आपोआप उगवलेले पदार्थ येतात. उत्तर भारतात हलषष्ठीच्या व्रताला नांगराविना उगवलेला पसईचा तांदूळ लागतो. हा तळ्याकाठचा रानटी भात. याच रानटी भातांपैकी ओरायझा निवारा या जातीचा उत्तर प्रदेशातून गेलेला एक नमुना फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत होता. भाताला खुजे करणाऱ्या ग्रासी स्टंट नावाच्या विषाणूरोगाला तोंड देणारे वाण शोधताना तिथे सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले, आणि प्रतिकारशक्ती सापडली ती या एका नमुन्यात. ती पुढे गुरदेव खुश यांच्या चमूने सुधारित वाणांत आणली. १९७६ साली आलेला आयआर-३६ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. व्रत करणाऱ्या बायकांनी हा जनुक राखला असे म्हणणे म्हणजे अतिशयोक्ती. त्यांनी त्या भाताला नाव आणि वर्षातून एक दिवसाची किंमत दिली, इतके निश्चित. पण वर्षातून एका दिवसाची किंमत अपुरी पडते, हे गणपतीच्या पत्रीवरून दिसते. आघाडा, माका, डोरली, विष्णुक्रांता ही शेताच्या बांधावरची झाडे एकवीस पत्रींत आहेत. शहरात आज ती जुडी विकत मिळते, आणि तिच्यात कशाची पाने आहेत हे बहुतेक वेळा विकणारा सांगू शकत नाही आणि घेणारा विचारत नाही. चुकीचे पान वाहिले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. परीक्षा नाही, म्हणून ओळखही नाही.

याउलट शेताच्या व्यवहारात परीक्षा किती कडक असते ते टारफुल्यावरून कळते. टारफुला ज्वारीच्या मुळांवर जगणारे परोपजीवी तण. बी धुळीच्या कणाएवढे, एका झाडाला हजारोंनी येणारे, मातीत वर्षानुवर्षे टिकणारे. यजमान पिकाच्या मुळांतून विशिष्ट द्रव्य पाझरले तरच ते रुजते. रोप जमिनीवर दिसेपर्यंत त्याने खालच्या खाली ज्वारीचे बरेच नुकसान केलेले असते. त्यामुळे नुसत्या निंदणीने त्या हंगामात फारसा फायदा नाही. मात्र फुलण्याआधी उपटले तर पुढचे बी पडत नाही. या तणाशी आपल्याकडचा शेतकरी लढला तो मुख्यतः बेवडाच्या हिशेबाने, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम पाहून पुढचे पीक ठरवून. खानदेश-विदर्भात कापूस आणि ज्वारी यांची फेरपालट जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी टारफुल्याच्या बियाला जागे करणारे स्ट्रायगॉल नावाचे द्रव्य वेगळे केले, आणि ते केले कापसाच्याच मुळांतून. कापूस टारफुल्याला रुजायला लावतो, पण त्याला पोसत नाही. रुजलेले रोप उपाशी मरते आणि मातीतला साठा घटतो. फेरपालटीमागे इतरही कारणे होती, बाजारभाव होता, जमिनीचा कस होता. तरीही वर्षानुवर्षे आपल्या आणि शेजाऱ्याच्या वावराची तुलना करणाऱ्या माणसाच्या हातून जे निष्कर्ष निघतात, ते प्रयोगशाळेच्या निष्कर्षांशी जुळले याचे आश्चर्य वाटू नये. दोन्हीकडे रीत एकच आहे, तुलनेची.

आता पहिला गंभीर आक्षेप. तुम्ही सोयीची उदाहरणे निवडता, वैद्यकीचे काय, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. भुईआवळी घ्या. कावीळ झाली की ही ठेंगणी वनस्पती वाटून दुधातून किंवा ताकातून देण्याची चाल महाराष्ट्रभर आहे. १९८८ साली मद्रासच्या थ्यागराजन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू अंगात बाळगणाऱ्यांपैकी भुईआवळी घेतलेल्या ५९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, आणि खोटे औषध घेतलेल्यांत फक्त ४ टक्क्यांच्या, असा निष्कर्ष होता. लोकज्ञानाचा केवढा विजय! पण इतरत्र झालेल्या पुढच्या चाचण्यांत हा परिणाम पुन्हा मिळाला नाही. मग शेकडो वर्षे लोकांना गुण येत होता तो कसला? दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणजे इथे कोणतेही औषध यशस्वीच दिसणार. परिणाम डोळ्यांसमोर आहे, पण तुलना नाही, आणि जे दगावले त्यांचा हिशेब औषध देणाऱ्याकडे येत नाही. शिवाय भुईआवळी म्हणून बाजारात येते ती एकच जात नसते. तिच्यासारख्याच दोन-तीन जाती तिच्यात मिसळलेल्या असतात. मी सुरुवातीला जो निकष सांगितला तो इथे लोकज्ञानाच्या विरुद्ध जातो, आणि तो तसा जाऊ द्यावा. 'लोकांना सगळे ठाऊक होते' असे म्हणणारे, लोकांना जे खरोखर ठाऊक होते त्याचीही पत घालवतात. ओळख आणि उपयोग यांची वाटणी चरकसंहितेत स्पष्ट आहे. रानात शेळ्या, मेंढ्या, गाई राखणारे आणि इतर वनवासी वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात, असे तिथे म्हटले आहे, आणि लगेच असेही की नावरूपाची ओळख म्हणजे उपयोगाचे ज्ञान नव्हे. वैद्याचा मान राखण्यासाठी केलेले हे विधान आहे, हे उघड आहे. पण ओळखीसाठी त्याला गुराख्याकडेच जावे लागत होते, ही कबुलीही त्यातच आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: हे ज्ञान फार प्राचीन आहे, त्याला तुमच्या निकषांची गरज काय? प्राचीनतेचा हा अभिमान वस्तुस्थितीला धरून नाही. बांधावर बोट कापले की ज्याचा पाला चुरगाळून लावतात, त्या एकदांडीचे मूळ घर मध्य अमेरिका. तिला आपण दगडी पाला म्हणतो, कंबरमोडी म्हणतो, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिच्या रसाने जखमा भरण्यास मदत झाल्याचे दिसले आहे. पिवळा धोतराही मेक्सिकोचा. त्याच्या बियांचे तेल विषारी असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या या भेसळीने जलोदरासारख्या सुजेची साथ आली आणि साठांहून अधिक माणसे मेली. भेसळ करणाऱ्याने ते तेल खाल्ले नसणार, हे सांगायला नको. गाजरगवत तर पुण्याजवळ १९५०च्या दशकात नोंदले गेले. आयात गव्हाबरोबर आले असे मानून लोकांनी त्याला काँग्रेस गवत असे नाव देऊन टाकले, गुरे ते खात नाहीत आणि अंगाला खाज सुटते हे दोन-चार हंगामांत ओळखले, आणि भाजीत किंवा औषधात त्याला जागा दिली नाही. नवीन पाहुण्याची अशी पारख करणारे ज्ञान जिवंत असते. त्याला वारसा म्हणून काचेच्या कपाटात ठेवणे हा त्याचा अपमान आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. हे सगळे गोड बोलणे बायकांच्या वाकलेल्या कमरेवर उभे आहे. निंदणी हे कष्टाचे, कमी मोबदल्याचे काम. तणनाशकाने ते सुटले तर आपण गळा का काढावा? जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर पेरणी केली, ती निंदणीची मजुरी परवडत नाही आणि वेळेवर माणसे मिळत नाहीत म्हणूनच. ही तक्रार खरी आहे. ज्ञान टिकावे म्हणून एखाद्या बाईने चिखलात उकिडवे बसावे, असे म्हणण्याचा अधिकार व्यासपीठावरच्या कोणालाही नाही. पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: तणनाशकाने वाचलेला पैसा त्या बाईकडे जातो. तो शेतमालकाकडे आणि औषध-दुकानदाराकडे जातो. तिच्याकडून मजुरी तर जातेच, शिवाय ओटीतली भाजी आणि शेळीचा भाराही जातो. पूर्वी रोखीच्या मजुरीबरोबर येणारा हा माल कोणत्याही उत्पादनखर्चाच्या तक्त्यात धरला जात नाही. आणि तांत्रिक बाजूने पाहिले तरी एकाच औषधावरचा भरवसा फार काळ टिकत नाही. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्लीडंडा तणाने आयसोप्रोट्युरॉनला १९९०च्या दशकातच जुमानणे सोडले. जॉर्जियाच्या केन्याचे आताच सांगितले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रणाच्या परवानाधारक चालकांपुरता मर्यादित केला. कागदावरची ती मर्यादा आणि बांधावरचा पाठीवरचा पंप यांची गाठ क्वचितच पडते. बांध फवारणे तरी थांबवता येईल. तिथे पीक नसते, आणि भाज्या, वैरण, पत्री यांतले बरेचसे तिथेच उगवते.

राहिला प्रश्न नोंदीचा. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधिगुणादर्श', डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधीसंग्रह' अशी चांगली परंपरा मराठीत आहे, आणि थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीत देशी नावेही टिपली. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही अशी व्यवस्था केली. या नोंदवह्यांच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचे मोठे काम आहे. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने २०२०च्या जानेवारीअखेरची मुदत आणि दंडाची तंबी दिल्यावर त्या देशभर भराभर भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या नोंदवहीत नाव, शास्त्रीय नाव, उपयोग असे रकाने सहज भरतात. कोवळे की जून, कशाबरोबर, कोणाला वर्ज्य, कशाशी गफलत होते, हे रकाने रिकामे राहतात किंवा छापलेलेच नसतात. पारंपरिक ज्ञानाचा केंद्रीय अंकीय संग्रह आहे, पण तो ग्रंथांवर आधारलेला. निंदणाऱ्या बाईचा केना तिथे नाही. आणि जैवविविधता कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट मिळाली. याचा सरळ अर्थ असा, की जे ग्रंथात गेले त्याचा मोबदला मागता येत नाही आणि जे ग्रंथात नाही त्याची ओळख पटवून देण्याची जबाबदारी ते जाणणाऱ्यावर. चरकाने ज्यांचा उल्लेख केला त्या गुराख्यांचे वंशज या कायद्यात नेमके कुठे बसतात, हे ठरवण्याचे काम समित्यांनी अजून हाती घेतलेले दिसत नाही. निदान एवढे करता येईल: नोंदवही निंदणीच्या हंगामात, शेतात उभे राहून, पात धरणाऱ्या बायकांना दिवसाची पूर्ण मजुरी देऊन लिहावी, दर पावसाळ्यात ती पुन्हा तपासावी, सांगणारीचे नाव तिच्या संमतीने नोंदीत घालावे, आणि 'काय खाऊ नये, केव्हा खाऊ नये' हा रकाना 'उपयोगा'च्या आधी छापावा.